पॅच तपकिरी का पडला? कातडीतून जाणारं औषध टिकलंय की नाही हे कसं मोजतात

परवा रात्री साडेदहाला व्हॉट्सअॅपवर निपाणीच्या मावशीच्या पोराचा फोटो आला. पैशाच्या पाकिटातनं काढलेला, अर्धा कापलेला निकोटिनचा पॅच (तंबाखू सोडवायला कातडीवर चिकटवतात ती पट्टी), पारदर्शक असतोय तसला, आणि कापलेल्या कडेनं चहा सांडून वाळल्यासारखा तपकिरी पट्टा. खाली मेसेज, "दादा हे लावलं तर चालतंय काय? २१ चा होता, आता १४ वर या म्हणालेत डॉक्टर, नवीन कशाला घ्यायचा म्हणून कापला. महिना झाला कापून."

हा पोरगा दहावीपासनं तंबाखू-चुना मळणारा. निपाणीत राहून तंबाखू सोडायची म्हणजे गोकाकात राहून करदंट खायचा नाही म्हटल्यासारखं आहे, घराच्या एका अंगाला वखार, दुसऱ्या अंगालाही वखार, नुसत्या वाऱ्यावर निम्मी तलफ भागते. तरी यानं मनावर घेतलंय, म्हणून त्याला "टाकून दे" एवढंच टाइप करून झोपावं असं वाटेना. शिवाय मी गोव्यात एका औषध कंपनीत स्टॅबिलिटी सेक्शनला आहे, औषध किती दिवस टिकतं हे मोजणं हेच माझं पोटापाण्याचं काम, आणि पाहुण्यांतले निम्मे लोक मला एवढंच विचारतात की एक्स्पायरी उलटून दोन महिने झालेत, चालतंय काय, आणि उत्तर द्यायच्या आधीच म्हणतात, "ते कंपनीवाले खपावं म्हणून उगाच छापतात रे." तर ती तारीख येते कुठनं ते एकदा लिहूनच टाकतो.

पॅचची गोष्ट निपाणीकरांना सांगायला सोपी आहे खरं तर. मावशीनं वीस-बावीस वर्षं वखारीत तंबाखू चाळलीय. ती सांगते, सवय नसलेली नवीन बाई कामावर आली की पहिल्या आठवड्यात गरगरायचं, उलटी व्हायची, आणि जुन्या बाया हसून म्हणायच्या "हिला तंबाखू लागली". खाल्लेली नसायची हं. शेतात पण तेच, तंबाखू कापायच्या दिवसांत पहाटे दहिवरानं भिजलेली पानं उघड्या अंगावर घेऊन वाहिली की डोकं जड. पानातलं निकोटिन पाण्यात उतरतं आणि ओल्या कातडीतनं आत जातं. अमेरिकेत तंबाखू तोडणाऱ्या मजुरांनाही हेच व्हायचं, तिकडे त्याला रोगाचं नावच आहे, आणि हेच बघून लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातले मरे जार्विक आणि जेड रोझ यांच्या डोक्यात आलं की कातडीतनं विष जातंय तर मोजून-मापून औषध म्हणून का नाही द्यायचं. दुसऱ्या माणसांवर प्रयोग करायला परवानगी मिळेना तेव्हा त्यांनी स्वतःच्याच कातडीला तंबाखू लावून बघितली, छाती धडधडायला लागली, म्हणजे जातंय. १९९१ च्या शेवटी तिकडे निकोटिनच्या पॅचला मंजुरी मिळाली. म्हणजे आमच्या बायांना जे गरगरणं फुकट मिळत होतं त्यातनं जगाला औषध मिळालं. असो.

आता सगळीच औषधं अशी कातडीतनं जात नाहीत. कातडीचा सगळ्यात वरचा थर, मेलेल्या पेशींचा, कागदापेक्षा पातळ, १० ते २० मायक्रोमीटर, पण भिंत भक्कम. २००० साली दोन डच संशोधकांनी एक ठोकताळा मांडला की रेणूचं वजन साधारण ५०० डाल्टनच्या वर गेलं की ही भिंत ओलांडणं अवघड. निकोटिन १६२ चं, म्हणजे अंगकाठीनं बारीक. पण बारीक असून भागत नाही, तो 'मोकळा' पण पाहिजे. पानात निकोटिन बहुतेक आम्लांशी बांधलेलं असतं, मीठ-रूपात, आणि बांधलेला रेणू भिंतीतनं सहज जात नाही. हे तुम्हाला पुस्तकात बघायची गरज नाही, तळहातावर बघा. तंबाखूत चुना का मळतात? चुना अल्कली, त्यानं आम्ल मारलं जातं, निकोटिन मोकळं होतं आणि गालाच्या आतल्या कातडीतनं सरळ रक्तात. बिनचुन्याची तंबाखू 'लागत नाही' म्हणतात ते यामुळं. पॅचमध्ये पण हे मोकळं निकोटिनच भरतात.

आणि इथंच सगळी गोची आहे. जे रूप कातडीतनं जायला सोपं, तेच टिकायला अवघड. मोकळं शुद्ध निकोटिन म्हणजे पाण्यासारखं बिनरंगी तेलकट द्रव, बाटली उघडून हवा-उजेड लागला की आधी पिवळं, मग तपकिरी. शिवाय ते उडतं. म्हणजे एकाच वेळी मोडतंय पण आणि पळतंय पण.

मोडणं म्हणजे काय ते जवसाच्या चटणीवरनं घ्या. बेळगावकडच्या घरात जवसाची चटणी नाही असं होत नाही, आणि दोन-तीन महिने डबा उघडाच राहिला तर ती खवट होते हे पण सगळ्यांना माहीत. जवसाच्या तेलाला हवेतला ऑक्सिजन चिकटतो, रेणू बदलतो, वास बदलतो. ऑक्सिडेशन म्हणतात ते हेच. (अंगदुखीला चोळायच्या बऱ्याच जेलच्या ट्यूबवर बारीक अक्षरात 'लिनसीड ऑइल' असतं बघा, ते हेच जवसाचं तेल. म्हणून ट्यूबचं टोपण लावायचं असतं.) निकोटिनचं ऑक्सिडेशन झालं की कोटिनिन, निकोटिन-एन-ऑक्साइड, मायोस्मिन असली मंडळी तयार होतात, पॅच तपासताना नेमकी यांचीच हजेरी घ्यायची. गंमत म्हणजे आपलं लिव्हर पण निकोटिनचं मुख्यतः कोटिनिनच करतं. म्हणजे कोटिनिन दिसलं म्हणून लगेच घाबरायचं नसतं, पण पॅचच्या आत दिसलं तर ते विकत घेतलेलं औषध अंगाला लागायच्या आधीच खर्ची पडलंय एवढं खरं.

सगळ्या औषधांचं मोडणं एकसारखं नसतं. काही पाण्यानं तुटतात, काही उजेडानं, आणि काही तर तुटतच नाहीत, नुसती आतल्या आत कूस बदलतात. बेटामेथासोन व्हॅलरेट हे खाजेवरचं स्टेरॉइड घ्या, त्यातला व्हॅलरेटचा तुकडा १७ नंबरच्या जागेवर असतो तोवर औषध जोरात, पण क्रीमचा पीएच थोडा वर सरकला की तो तुकडा २१ नंबरच्या जागेवर जाऊन बसतो आणि जोर पार उतरतो. रेणूचं वजन तेच, अणू तेवढेच. आपल्याकडे दोन-तीन क्रीम एकाच डबीत कालवून "रात्री लाव" म्हणून देतात ना, माझा त्यावर राग आहे तो यासाठी. एकेक ट्यूब कंपनीनं मोजून टिकवलेली असते, कालवलेली डबी कुणी मोजलेली नसते. मुरमांवरचं ट्रेटिनॉइन आणि बेंझॉइल पेरॉक्साइड एकत्र करून उजेडात ठेवलं तर दोन तासांत निम्म्याहून जास्त ट्रेटिनॉइन संपतं असं १९९८ मधल्या प्रयोगात दिसलेलं आहे. दोन तास म्हणजे क्लासला जाऊन यायच्या आत.

तर मोजायचं कसं.

पॅच एका साच्यानं कापायचा, ठरलेल्या मापाचा तुकडा. हातमोजे दोन जोड, कारण मोजायचं औषध माझ्याच कातडीतनं जायला टपलेलं असतं. चिमट्यानं धरला तरी हा तुकडा स्वतःवरच गुंडाळतो आणि चिकटतो, नवीन पोरं पहिल्या दिवशी पाच-सहा वाया घालवतात. मग तो फ्लास्कमध्ये मेथॅनॉलसारख्या द्रावकात टाकायचा आणि शेकरवर रात्रभर हलवायचा. सकाळी बघितलं की पॅचमधला औषध धरून ठेवणारा चिकट डिंकाचा थर भिजवलेल्या साबुदाण्यासारखा फुगलेला असतो आणि औषध द्रावकात उतरलेलं. नीट गाळायचं, कारण डिंकाचा बारीक कण जरी मशीनमध्ये गेला तरी प्रेशर चढतं, कॉलम जाम, आणि कॉलमची किंमत ऐकल्यावर सरांचं पण प्रेशर चढतं.

मशीन म्हणजे एचपीएलसी, मिसळलेले रेणू वेगवेगळे करून मोजणारं यंत्र. आत साधारण वीतभर लांबीची पोलादी नळी, तिच्यात बारीक पावडर ठासून भरलेली, हाच तो कॉलम. बाजाराच्या दिवशी दहा जण स्टँडवरनं एकदम निघाले असं समजा. एकाला कशातच रस नाही, तो सरळ चालत पहिला पोचतो. एक भज्याच्या गाड्यापाशी थांबतो, एक चप्पलवाल्याशी घासाघीस करतो, एकाला रस्त्यात पाहुणा भेटतो, तो सगळ्यात शेवटी. निघाले एकदम पण पोचले वेगवेगळ्या वेळी. नळीतल्या पावडरीशी ज्याचं जेवढं जमतं तेवढा तो रेणू उशिरा बाहेर येतो, आणि दारात बसलेला डिटेक्टर २६० नॅनोमीटरच्या अतिनील उजेडात एकेकाला बघून कागदावर डोंगर काढतो, ज्याला आम्ही पीक म्हणतो. डोंगराखालचं क्षेत्रफळ म्हणजे माल किती. ही युक्ती मूळची रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ त्स्वेत यांची, विसाव्या शतकाच्या सुरुवातीची, त्यांनी झाडाच्या पानातले रंग असे खडूच्या नळीत वेगळे केले होते.

निकोटिन या नळीत फार त्रास देतं. ते बेस, म्हणजे चुन्यासारखं अल्कलीच्या जातीचं, आणि पावडरीच्या पृष्ठभागावर थोड्या आंबट जागा असतात तिथं ते रेंगाळतं, मग डोंगराला लांब शेपूट येतं आणि त्या शेपटाखाली शेजारचा चिमुकला डोंगर झाकला जातो. आता तो चिमुकला डोंगरच नेमका मोडलेला माल असेल तर? आम्ही म्हणणार १०० टक्के शाबूत, आणि प्रत्यक्षात त्यातला थोडा मोडलेला. म्हणून नुसतं मोजणारी पद्धत आणि 'मोडलेलं ओळखून' मोजणारी पद्धत यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आधीचं बेटामेथासोन आठवा, १७ वालं आणि २१ वालं जिला वेगळं करता येत नाही ती पद्धत तुम्हाला वर्षानुवर्षं सगळं ठीक आहे म्हणून सांगत राहील.

ही पद्धत खरी आहे का हे तपासायला आम्ही मुद्दाम औषधाचा छळ करतो. त्याला तसं म्हणत नाहीत, फोर्स्ड डिग्रेडेशन म्हणतात, पण छळच तो. एक नमुना आम्लात, एक कॉस्टिकमध्ये, एक हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये, एक ओव्हनमध्ये, एक उजेडाच्या कपाटात, जिथं किमान १२ लाख लक्स-तास उजेड पडला पाहिजे असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. औषध थोडंच मोडायचं, साधारण ५ ते २० टक्के, पार राख करून उपयोग नाही कारण मग तुकड्यांचे तुकडे होतात आणि खऱ्या आयुष्यात जे कधी घडणार नाही ते दिसायला लागतं. मग बघायचं की मोडलेला प्रत्येक तुकडा मूळ डोंगरापासनं सुटा दिसतोय का, आणि हिशोब जुळतोय का.

हिशोब! माझ्या मते या सगळ्या धंद्याचं सार या एका शब्दात आहे आणि मी ते स्वतः तोंडघशी पडून शिकलो. नवीन होतो. निकोटिनचा नाही, दुसऱ्याच एका उडणाऱ्या औषधाचा पॅच होता, ठरलेल्या तापमानाच्या कपाटात बारा महिने ठेवलेला नमुना काढला, मोजला, औषध मर्यादेच्या खाली. पोटात गोळा आला. मोडलेला माल शोधला तर तो किरकोळ. म्हणजे समजा १०० होते, आता ९४ दिसतायत आणि तुकडे मिळून भरले फक्त अर्धा टक्का, तर बाकीचे साडेपाच गेले कुठं? मी परत मोजलं, परत तेच. कॉलम बदलला, तेच. दोन दिवस मशीनला शिव्या घातल्या. आमचे एक सर होते हुक्केरीकडचे, ते चहा पिऊन आले, कागद बघितला आणि एकच वाक्य बोलले, "पाकीट धुतलंस काय रे?"

नव्हतं धुतलं. पॅचच्या चिकट बाजूला जो काढून टाकायचा प्लास्टिकचा कागद असतो तो आणि बाहेरचं पाकीट मी कचऱ्यात टाकलं होतं. नशिबानं त्याच लॉटचे आणखी नमुने होते. पाकीट आतनं मेथॅनॉलनं विसळलं, कागद वेगळा भिजवला, आणि हरवलेलं औषध तिथं सापडलं, सगळं. मोडलं नव्हतंच, सरकलं होतं. डिंकातनं प्लास्टिकमध्ये, प्लास्टिकमधनं पाकिटाच्या आतल्या थरात. आता पेशंटच्या दृष्टीनं बघितलं तर औषध कमी ते कमीच, तो काय पाकीट चाटणार नाही. पण इलाज पूर्ण वेगळा. मोडत असेल तर अँटिऑक्सिडंट घाला, पाकिटात हवेच्या जागी नायट्रोजन भरा. सरकत असेल तर ते सगळं करून काडीचा फायदा नाही, पाकिटाचा थर बदलायला पाहिजे. निकोटिनच्या पॅचला साधं प्लास्टिक चालत नाही, पाठीला आणि पाकिटाला अडवणारे थर आणि अॅल्युमिनियम लागतं, ते यासाठीच. कंपनी मोठी आहे म्हणून चकचकीत पाकीट नसतं ते.

हे मी मावशीला सांगितलं होतं एकदा, तिला लगेच कळलं. म्हणाली, "म्हंजे घटच की ही." वखारीत ओलसर माल घेतला की वाळून वजन उतरतं, त्याला घट म्हणतात, आणि मालकाला घट किती आणि चोरी किती हे वेगळं कळायलाच पाहिजे, नाहीतर तो उगाच हमालावर आळ घेणार. मी दोन दिवस मशीनवर आळ घेतला तसा.

आता तारखेकडे येतो. कंपनी दोन वर्षं छापते म्हणजे दोन वर्षं कुणी वाट बघत बसलं होतं काय? होय आणि नाही. आमच्याकडे मोठी कपाटं असतात, काही तर खोलीएवढी, ज्यांत तापमान आणि दमटपणा कायम एकच. जगाचे हवामानाप्रमाणे पट्टे पाडलेत, युरोप-अमेरिकेसारख्यांना २५ अंश आणि ६० टक्के दमटपणा, उष्ण-दमट देशांना ३० अंशाला ६५ किंवा ७५ टक्के. आणि घाईसाठी एक छळकपाट, ४० अंश आणि ७५ टक्के, सहा महिने. त्या खोलीत शिरलं की चष्म्यावर वाफ धरते, खानापूरचा जुलै आणि अथणीचा मे एकाच खोलीत कोंडल्यासारखं. लांब मुदतीच्या कपाटातनं पहिल्या वर्षी दर ३ महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर ६ महिन्यांनी, पुढं वर्षातनं एकदा नमुना काढून मोजायचा. तारीख पुढं गेली, सुट्टी होती, गणपती होते, हे चालत नाही, गणपतीला गावाकडं येताना आम्ही आधी शेड्यूल बघतो.

घाईच्या कपाटामागचं गणित स्वीडनच्या अर्‍हेनियस यांचं, १८८९ चं. तापमान वाढलं की रासायनिक क्रिया कितीनं वेग धरते याचं सूत्र. बऱ्याच औषधांना ढोबळ मानानं १० अंशाला वेग दुप्पट, काहींना तिप्पट. समजा ४० अंशाला ६ महिन्यांत १०० चे ९५ राहिले. पुढच्या ६ महिन्यांत उरलेल्या ९५ चे ५ टक्के जाणार, म्हणजे राहिले ९० आणि वर चिल्लर. म्हणजे १० टक्के घट व्हायला वर्षभर, थोडं जास्तच. ३० अंशाला वेग निम्मा धरला तर हीच घट व्हायला दोन वर्षं, तिसरा हिस्सा धरला तर तीन. हा झाला अंदाज, आणि अंदाजावर कुणी कायमचा शिक्का देत नाही. औषधाच्या परवानगीचा अर्ज करतानाच खऱ्या कपाटातला किमान १२ महिन्यांचा डेटा, तीन वेगवेगळ्या बॅचचा, दाखवावा लागतो, आणि ४० अंशाला औषध सुरुवातीपेक्षा ५ टक्क्यांनी सरकलं तर तो 'मोठा बदल' धरतात, मग घाईचं गणित बाजूला ठेवून सौम्य कपाटाकडं जायचं.

पॅचच्या बाबतीत तर हे गणित आणखी जपून वापरावं लागतं. गोळी ४० अंशाला पण गोळीच राहते, पण डिंक ४० अंशाला मऊ होऊन कडेनं पसरायला लागतो, औषध त्यातनं जास्त मोकळं फिरतं, म्हणजे नुसता वेग वाढत नाही, खेळच बदलतो. आणि कधी कधी संकट उलट्याच दिशेनं येतं. रोटिगोटिन नावाचं कंपवाताचं औषध आहे, त्याचा न्यूप्रो हा पॅच अमेरिकेत २००७ ला आला आणि २००८ ला बाजारातनं काढावा लागला, कारण पॅचच्या आत हिमाच्या पाकळ्यांसारखे स्फटिक उमटायला लागले. मध थंडीत साखर धरतो ना, तसं. औषध एक कणही मोडलेलं नाही, कुठं पळालेलं नाही, पण स्फटिकात अडकलेला रेणू कातडीकडं जात नाही. तो पॅच सुधारून परत यायला २०१२ उजाडलं. इथं एचपीएलसी काय करणार? आम्ही पॅच मेथॅनॉलमध्ये बुडवला की स्फटिक पण विरघळतो आणि मशीन छाती फुगवून सांगतं १०० टक्के. म्हणून पॅच मायक्रोस्कोपखाली पण बघायचा, आणि कातडीच्या तापमानाच्या, ३२ अंशाच्या द्रवात बुडवून त्यातनं औषध तासातासाला किती सुटतं ते पण मोजायचं.

कातडीतनं खरंच जातं का हे बघायला फ्रान्झ सेल म्हणून काचेचं भांडं असतं, १९७५ च्या सुमाराचं. वरच्या कप्प्यात औषध, मध्ये कातडी (बऱ्याचदा डुकराच्या कानाची, माणसाच्या कातडीच्या बरीच जवळची), खालच्या कप्प्यात कोमट द्रव, आणि त्यातनं ठरावीक वेळानं थोडं थोडं काढून मोजायचं, २४ तास. यात एक सापळा आहे जो परीक्षेत कुणी विचारत नाही. औषध कातडी ओलांडून खालच्या कोमट द्रवात उतरलं आणि तिथं दहा-बारा तास बसून मोडलं, तर मोजताना कमी भरणार आणि आपण म्हणणार की कातडीतनं जातच नाही. बिचारं गेलं होतं, पण पोचल्यावर मेलं. म्हणून आधी नुसत्या त्या द्रवात ठरावीक औषध टाकून, त्याच तापमानाला, तेवढाच वेळ ठेवून बघायचं की ते शाबूत राहतं का. परत हिशोबच.

तर आता त्या तपकिरी पट्ट्याचं. रंग म्हणजे मोजमाप नाही हे आधी सांगतो. अगदी किरकोळ मोडलं तरी डोळ्याला झाक दिसते, आणि उडून गेलेलं निकोटिन मात्र काहीच डाग ठेवत नाही. म्हणजे कडेचा तपकिरी पट्टा बघून जेवढं वाईट वाटतं त्यापेक्षा न दिसणारं जास्त गेलेलं असू शकतं. कापल्यावर अडवणारे थर कडेनं उघडे पडले, पाकीट नाही, महिनाभर खिशातली ऊब आणि घाम. कंपनीनं जी दोन वर्षं मोजली ती बंद पाकिटातली, पाकीट फुटल्यावरची नाही. शिवाय २१ चा अर्धा कापून १४ होत नाही, साडेदहा होतो, हे गणित त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. आणि २१ म्हणजे पॅचमध्ये २१ मिलिग्रॅम आहे असंही नाही, ते २४ तासांत अंगात जाणारं प्रमाण, आत त्याहून जास्त भरलेलं असतं, म्हणून तर वापरून झालेला पॅच पण चिकट बाजू आत दुमडूनच टाकायचा, पोरांच्या, कुत्र्याच्या तोंडाला लागता कामा नये.

हे सगळं त्याला व्हॉईस मेसेजमध्ये सांगितलं, सव्वासहा मिनिटांचा झाला. त्यानं दीडपट स्पीडनं ऐकला असणार, कारण लगेच पुढचा प्रश्न आला, "मग राहिलेला बॉक्स गाडीच्या डिकीत आहे तो चालतंय की, पाकीटबंद आहे."

एप्रिल महिना, डिकी, उन्हात लावलेली गाडी. आता इथं लोक सरासरीचा घोळ घालतात. समजा औषध १२ तास २० अंशात आणि १२ तास ४० अंशात राहिलं, सरासरी ३० झाली, पाकिटावर पण ३० च लिहिलंय, मग बिघडलं कुठं? १० अंशाला वेग दुप्पट धरला तर थंड १२ तासांत मोडायचा वेग निम्मा आणि गरम १२ तासांत दुप्पट. अर्धा आणि दोन, अडीच, भागिले दोन, म्हणजे ३० अंशाच्या सव्वापट. रात्रीचा गारवा दुपारचं पाप धुवून काढत नाही. जणू सगळा दिवस ३३ अंशाच्या वर ठेवल्यासारखं मोडतं, म्हणून आम्ही साधी सरासरी काढतच नाही, गरम तासांना जास्त वजन देणारी काढतो. आणि उन्हातली डिकी ४० वर थांबत नाही हे ज्यानं कधी डिकीत कॅडबरी ठेवलीय त्याला विचारा.

"डिकीतनं काढ आणि घरात सावलीत ठेव," मी म्हटलं, "आणि १४ चा वेगळा घे, कापाकापी बंद."

"फ्रीजमध्ये ठेवू?"

"नको, पाकिटावर लिहिलंय तेवढंच पाळ. गार म्हणजे चांगलंच असं नसतं."

काल सकाळी परत फोटो आला. स्वयंपाकघरातली खालची फळी, भिंतीकडची गार बाजू, तिथं नवीन १४ चा बॉक्स आणि त्याला लागून जवसाच्या चटणीची बरणी, झाकण घट्ट. खाली लिहिलेलं, "दोन्ही खवट हुणार न्हाईत आता." मी अंगठा दाखवला. दहा मिनिटांनी मावशीचाच फोन, "आरं हे पोरगं माज्या चटणीशेजारी काय तंबाखू ठिवालंय, तूच सांगितलास म्हनं."